ओल दिसते एकीकडे, पाणी गळतं दुसरीकडे: भिंतीतली गळती शोधणं आणि दुरुस्त करणं

भिंतीला ओल आली की पहिला हात छिन्नीकडे जातो, आणि तिथेच काम बिघडतं. भिंतीत शिरलेलं पाणी पाईपच्या पाठीवरून, वायरिंगच्या नळीतून, फरशीखालच्या भरावातून वाट काढत जातं. गिलावा तर ते टीपकागदासारखं वरही ओढून घेतो. त्यामुळे डाग बेडरूमच्या भिंतीवर आणि गळती दोन मीटर लांब बाथरूमच्या कोपऱ्यात, हा प्रकार अगदी नेहमीचा. डागाच्या बरोबर मध्यावर भिंत फोडली की बऱ्याचदा आत धडधाकट पाईप सापडतो.

म्हणून सुरुवातीला ‘कुठे’ गळतं याच्या मागे लागू नका, ‘केव्हा’ गळतं ते शोधा. पाणी सतत गळतंय, वापरल्यावर गळतंय, की एखादी ठरावीक गोष्ट चालू असतानाच गळतंय, एवढं नक्की झालं की संशयितांची यादी दहावरून दोनवर येते. त्यासाठी दोन-तीन दिवस, पेन्सिल, मोजपट्टी, टिश्यू पेपर आणि खाण्याचा लाल किंवा निळा रंग पुरतो.

आधी ओल आहे की दमटपणा, ते बघा

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. सकाळ-संध्याकाळ बघा. रेघ ओलांडून ओल पुढे गेली तर नवी रेघ, नवी वेळ. ही नोंद दुरुस्तीनंतरही कामाला येते, म्हणून पुसू नका.

मग डागावर साधारण ३० सेंटिमीटर चौरस अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिक लावून चारी बाजू टेपने बंद करा. ओल्या गिलाव्यावर टेप धरत नाही, त्यामुळे कडा शक्यतो कोरड्या भागावर येऊ द्या. २४ ते ४८ तासांनी काढा. पाणी खोलीकडच्या बाजूला साचलं असेल तर ती हवेतली वाफ थंड भिंतीवर बसते आहे. तिथे गळती नाहीच, खिडकी उघडा किंवा एक्झॉस्ट फॅन लावा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी आतून येतंय.

पावसातच वाढणारी ओल बाहेरच्या भिंतीची किंवा गच्चीची. जमिनीलगत सुरू होऊन साधारण मीटरभर उंचीवर थांबणारी, पांढरा लोणा (क्षाराची पूड) धरणारी लांबच लांब पट्टी असेल तर ती पायातून चढणारी ओल असण्याची शक्यता जास्त. एसी चालू असतानाच भिंत ओली होत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे का ते बघा. या तिन्हींचे उपाय वेगळे, त्यात इथे शिरत नाही.

दाबाची लाईन गळते का: टाकीची आणि मीटरची परीक्षा

घरातल्या पाण्याचे दोन भाग करा. टाकीपासून नळापर्यंतची लाईन चोवीस तास पाण्याने भरलेली आणि दाबाखाली असते. तिला छिद्र पडलं तर ते रात्रंदिवस गळतं. नळाच्या पुढचा सांडपाण्याचा भाग मात्र वापरल्यावरच ओला होतो. कुठला भाग गळतो हे टाकी सांगते.

रात्री सगळे नळ बंद करा. टाकीत पाणी येणारा व्हॉल्व्हही बंद करा. फ्लोटच्या (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या) भरवशावर राहू नका, कारण तो टिपकत असेल तर गळालेलं पाणी तो गुपचूप भरून काढतो. टाकीत सरळ काठी एकाच जागी तळापर्यंत बुडवून पाण्याची खूण करा. आठ तासांनी पुन्हा मोजा. फ्लश टाक्या आधीच भरून घ्या, आणि मधे कुणी उठलंच तर बाजूला भरून ठेवलेली बादली वापरायला सांगा.

गोल टाकीचा आतला व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा आणि ७.८५ ने गुणा. पातळी एक सेंटिमीटर उतरली की तेवढे लिटर गेले. १.१ मीटर व्यासाच्या टाकीत हे साडेनऊ लिटर येतं. तिची पातळी आठ तासांत दोन सेंटिमीटर उतरली तर १९ लिटर गेले, म्हणजे मिनिटाला सुमारे ४० मिलिलिटर. चौकोनी टाकीला लांबी गुणिले रुंदी (मीटरमध्ये) गुणिले १०. पातळी टाकीच्या सरळ भागात असतानाच मोजा, वरच्या निमुळत्या भागात हे गणित चुकतं.

पातळी उतरली तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तेच करा. तरीही उतरली तर टाकीच गळते, किंवा टाकी आणि व्हॉल्व्ह यांमधला सांधा.

थेट दाबाने पाणी येणाऱ्या घरात हेच काम मीटर करतो. सगळं बंद असताना काचेमागचं छोटं चक्र किंवा तारा फिरतोय का बघा. फिरत नसला तरी लगेच निर्धास्त होऊ नका. बारीक प्रवाहाला यांत्रिक मीटर जेमतेम हलतो, अगदी बारीक असेल तर हलतच नाही. आकडा लिहून ठेवा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा वाचा. थेंबांना कमी लेखू नका. नळाचा थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साडेएकवीस लिटर.

फोडाफोडीच्या आधी फ्लश टाकी

टाकीचं पाणी उतरतंय पण भिंत फारशी ओली नाही, असं असेल तर बहुतेक वेळा कमोडच पाणी पितो. फ्लश टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडच्या पाण्यात रंग उतरला तर फ्लश व्हॉल्व्हखालचं रबर वॉशर गेलं आहे, किंवा त्याखाली क्षाराचा खडा बसला आहे. वॉशर काढा, बैठक कापडाने पुसा, वॉशर कडक किंवा वाकडं झालं असेल तर त्याच मापाचं नवं लावा. रंग न उतरताही पाणी जात असेल तर टाकी उघडून पातळी बघा. ती उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर खाली हवी. वर असेल तर फ्लोट खाली घ्या.

भिंतीत लपवलेल्या फ्लश टाकीचीही परीक्षा हीच. बटणाची पट्टी काढली की आत हात जातो, आणि आत बहुधा वेगळा छोटा व्हॉल्व्हही असतो.

एकेक फांदी वेगळी करा

आता लाईन गळते हे ठरलं. बाथरूम, स्वयंपाकघर, गीझर अशा फांद्यांवर व्हॉल्व्ह असतील तर एक बंद, बाकी चालू, असं करत पातळीची परीक्षा पुन्हा घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण एका रात्रीत एक फांदी निकालात निघते आणि भिंत शाबूत राहते.

एक काळजी घ्या. जुना गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोच असं नाही, त्याच्या बैठकीत गाळ बसतो. व्हॉल्व्ह बंद करून त्यापुढचा सगळ्यांत खालचा नळ उघडा, लाईन रिकामी होऊ द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. नळातून टिपूस येत राहिला तर त्या व्हॉल्व्हच्या साक्षीला अर्थ नाही, आधी तो बदला.

गरम पाण्याची लाईन वेगळी करायला गीझरकडे जाणाऱ्या थंड पाण्याचा अँगल कॉक बंद केला की पुरतं. त्यापुढे गीझर आणि सगळी गरम लाईन येते. मात्र मिक्सरचे (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या जोडनळाचे) दोन्ही नळ उघडे ठेवून हँडशॉवर पुढच्या बटणाने बंद केलेला असेल, तर थंड पाणी मिक्सरमधून उलट गरम लाईनमध्ये शिरतं आणि परीक्षा खोटी ठरते. मिक्सरचे दोन्ही नळ घट्ट बंद करा.

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना टिपकणारे थेंब ही गळती समजू नका. २० वरून ७० अंशांपर्यंत तापलेलं पाणी सुमारे दोन टक्क्यांनी फुगतं, ते जादा पाणी तिथून बाहेर पडतं. गीझर बंद असतानाही दिवसभर टिपकत असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे किंवा लाईनचा दाब जास्त आहे.

गरम लाईन गळत असेल तर एक सोपा पुरावा मिळतो. गरम पाणी दहा-पंधरा मिनिटं चालवा, नळ बंद करा आणि भिंतीवरून तळहात फिरवा. पाईपच्या सरळ रेषेत उबदारपणा लागतोच, पण एका जागी तो पसरट होत असेल तर तिथे खूण करा. थंड लाईनचं उलट असतं. ओली जागा बाष्पीभवनामुळे आजूबाजूपेक्षा गार राहते. लेझरच्या थर्मामीटरने दर दहा सेंटिमीटरला आकडे घेतले तर हा फरक हातापेक्षा चांगला कळतो.

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाईपला आणि मूठ कानाला लावून ऐकण्याची युक्ती लोखंडी पाईपवर आणि चांगल्या दाबावरच चालते. दहा मीटर उंच पाण्याने साधारण एक किलोचा (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) दाब येतो. डोक्यावर तीन मीटर उंच टाकी असेल तर दाब असतो जेमतेम ०.३ किलो. एवढ्याशा दाबावर प्लास्टिकच्या पाईपमधलं छिद्र काही बोलत नाही.

फांद्यांवर व्हॉल्व्हच नसतील तर हाताने चालवायचा टेस्ट पंप भाड्याने आणा. त्या भागातले सगळे नळ काढून आट्यांत १५ मिलिमीटरचे प्लग बसवा, गीझरची जोडणी काढून लाईनची तिथली दोन्ही टोकं बंद करा, लाईनमधली हवा वरच्या तोंडातून घालवा आणि जुन्या लाईनला ३ किलोपर्यंत दाब द्या. पहिल्या दहा मिनिटांत काटा थोडा उतरतो, कारण प्लास्टिक किंचित ताणलं जातं. पुन्हा ३ वर आणून अर्धा तास बघा. काटा उतरतच राहिला तर लाईन फुटकी. हे पाण्यानेच करायचं, कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही नाही. हवेच्या दाबाखाली प्लास्टिकचा पाईप फुटला तर तुकडे गोळ्यांसारखे उडतात.

सर्वांत मोठा संशयित: नळ जिथे भिंतीत शिरतो तो सांधा

भिंतीच्या पोटात सरळ जाणारा पाईप सहसा गळत नाही, कुणी त्यात खिळा किंवा ड्रिल घातला नसेल तर. गळतो तो सांधा. आणि सगळ्या सांध्यांत जास्त छळ होतो तो नळामागच्या एल्बोचा, म्हणजे काटकोनी जोडाचा. तिथे प्लास्टिकच्या एल्बोत पितळी आटे बसवलेले असतात. नळ सरळ दिसावा म्हणून कुणीतरी पान्याने अर्धा फेरा जास्त आवळतं, पितळ प्लास्टिकमध्ये हलतं आणि केसाएवढी चीर पडते. ती कधी लगेच गळते, कधी वर्षभराने.

इथे काही न फोडता निकाल लावता येतो. नळामागची गोल चकती पुढे ओढा, भोकात टिश्यू खुपसा आणि तासभर ठेवा. ओला झाला तर लाईन बंद करून नळ आणि त्यामागचा एक्स्टेन्शन निपल (नळ आणि एल्बो जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा) काढा. टॉर्चने आतले आटे बघा, जुन्या टेपचे तुकडे टोकदार वस्तूने काढा. आता त्या एल्बोत टेप गुंडाळलेला प्लग थेट बसवा आणि पाणी सोडा. टिश्यू कोरडा राहिला तर दोष निपलच्या आट्यांचा होता. नवा निपल लावा, काम झालं. प्लग असूनही टिश्यू भिजला तर एल्बोच तडकला आहे किंवा त्यामागचा सांधा सुटला आहे. तेवढ्याच जागी भिंत उघडावी लागेल.

निपल बसवताना आट्यांचं टोक स्वतःकडे धरा आणि टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा. पातळ टेपचे १० ते १५ वेढे लागतात. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे धागे पाण्यात जाऊन नळाची जाळी तुंबवतात. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक ते दीड फेरा पुरे. किमान पाच आटे आत गेले पाहिजेत. भिंत जाड आणि निपल आखूड असेल तर जास्त टेप हा उपाय नव्हे, लांब निपल आणा. आणि आवळताना नळ इच्छित दिशेच्या पुढे गेला तर मागे फिरवू नका. मागे फिरवला की टेप सुटते. काढा, नव्याने गुंडाळा. सूत आणि सफेदा लोखंडी आट्यांसाठी ठीक, प्लास्टिकच्या आट्यांजवळ नको.

वॉल मिक्सरच्या दोन पायांची परीक्षा अशीच. फक्त दोन्ही पाय १५ सेंटिमीटर अंतरावर आणि एका पातळीत आले पाहिजेत, नाहीतर मिक्सर ओढून-ताणून बसवला जातो आणि तो ताण थेट एल्बोवर येतो.

टाकी कोरडी साक्ष देते, तरी भिंत ओली

पातळी उतरत नाही, पण अंघोळीनंतर ओल वाढते. सगळे सांडपाण्याच्या पाईपवर किंवा टाईलच्या सांध्यांवर बोट ठेवतात. त्याआधी एक तिसरी शक्यता तपासा, तिच्याकडे अनुभवी लोकांचंही दुर्लक्ष होतं. मिक्सरपासून शॉवरपर्यंत भिंतीतून वर जाणाऱ्या पाईपात शॉवर चालू असतानाच पाणी असतं. तो फुटला तर टाकीच्या परीक्षेत सापडणार नाही आणि लक्षणं मात्र सांडपाण्याच्या गळतीसारखी दिसतील.

म्हणून पुढचा क्रम मोडू नका, आणि दर दोन पायऱ्यांमध्ये भिंतीला किमान एक दिवस द्या. बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर वीटतुकड्यांचा भराव केला असेल तर तीन-चार दिवस. तो भराव टाकीसारखा भरतो आणि वापर थांबल्यावरही पाझरत राहतो.

पहिल्या पायरीत शॉवरचं डोकं काढून तिथे होजपाईप जोडा, त्याचं दुसरं टोक थेट बाथरूमच्या बाहेर, बेसिनमध्ये किंवा बादलीत सोडा आणि पंधरा मिनिटं पाणी चालवा. फरशी, टाईल कोरडी राहिली पाहिजे. ओल वाढली तर शॉवरचा पाईप. दुसऱ्यांदा, बादलीतलं रंगीत पाणी थेट नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोकात नरसाळ्याने ओता, दहा-बारा बादल्या, फरशीवर थेंबही न सांडता. ओल वाढली किंवा खालच्या छताला रंग आला तर ट्रॅप किंवा त्यापुढचा पाईप. तिसऱ्यांदा ट्रॅपचं तोंड रबरी प्लगने, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या कापडाचा बोळा घालून घट्ट बंद करा आणि फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर रंगीत पाणी २४ तास साठवा. उंबऱ्याची उंची आधी बघून घ्या. यात गळलं तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपच्या कडेची फट. शेवटी फक्त भिंतीच्या टाईलवर दहा मिनिटं हँडशॉवर मारा.

पायरीगणिक रंग बदला, नाहीतर कालचा लाल आज आला की आजचा, हे कळणार नाही. पोटॅशियम परमँगनेट वापरू नका, त्याचे तपकिरी डाग पांढऱ्या ग्राउटवरून (टाईलच्या फटींत भरलेल्या मसाल्यावरून) निघत नाहीत.

सिंक आणि बेसिनखाली एवढं करावं लागत नाही. भांडं काठोकाठ भरून एकदम सोडा आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवा. बॉटल ट्रॅपचं वॉशर उलटं किंवा तिरकं बसलेलं असणं हा तिथला सर्वांत मोठा रोग.

भिंत उघडताना

मुख्य व्हॉल्व्ह बंद, सगळ्यांत खालचा नळ उघडा. त्या भिंतीवरच्या स्विचचा एमसीबी खाली पाडा. ओल्या भिंतीत वायर असेल तर टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही असं समजू नका. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला चांगला मास्क लावा, सिमेंट-टाईलची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

टाईलच्या बाजूनेच फोडायला हवं असा काही नियम नाही. भिंतीच्या मागे बेडरूमचा साधा गिलावा असेल आणि भिंत अर्ध्या विटेची असेल तर तिकडून उघडणं सोपं. गिलावा पुन्हा जमतो, बंद पडलेल्या डिझाइनची टाईल मिळत नाही. टाईलच फोडायची असेल तर आधी तिच्या चारी बाजूंचं ग्राउट कोरून काढा, म्हणजे शेजारच्या टाईलला धक्का पोचत नाही. टाईलवर टेप चिकटवून मध्यावर चार-पाच भोकं पाडा आणि मध्याकडून कडेकडे, छिन्नी तिरपी धरून तुकडे काढा. एल्बो बदलायला किमान २० सेंटिमीटर चौरस जागा लागते. पाईपच्या मागेही दोन-तीन सेंटिमीटर पोकळी करा, नाहीतर कपलर (दोन पाईप जोडणारा तुकडा) बसत नाही आणि सांध्याची मागची बाजू दिसत नाही. गळती बहुधा त्याच बाजूला असते.

खांब, तुळई किंवा स्लॅबमधली सळई दिसली तर थांबा. तिथे छिन्नी चालवायची नाही, ते काम जाणत्या माणसाचं.

पाईप बदलणं

मळकट पिवळसर पाईप सीपीव्हीसीचा, गरम-थंड दोन्हींना चालणारा. पांढरा बहुधा यूपीव्हीसीचा, फक्त थंड पाण्यासाठी. कुणी तो गीझरच्या लाईनला वापरला असेल तर गळतीचं कारण सापडलंच. हिरवा पीपीआरचा. तो गोंदाने जोडला जात नाही, सुमारे २६० अंशांच्या यंत्रावर वितळवून जोडावा लागतो. दुकानात जाताना कापलेला तुकडा बरोबर न्या. अर्ध्या इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर असतो आणि अर्ध्या इंची यूपीव्हीसीचा २१.३, नाव एकच असून एकाचा कपलर दुसऱ्याला बसत नाही. दोन्ही जोडायचे असतील तर आट्यांच्या पितळी अडॅप्टरनेच. सोल्यूशनही ज्याचं त्याला, यूपीव्हीसीचा गोंद सीपीव्हीसीला लावू नका.

जुना सीपीव्हीसी ठिसूळ झालेला असतो. दाबून कापणाऱ्या कात्रीने तो लांबपर्यंत चिरतो, म्हणून बारीक दातांच्या हॅकसॉने काटकोनात कापा. तडकलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना चांगला पाईप लागेपर्यंत जा. कडेची बुरी काढा आणि बाहेरची कड किंचित उतरती घासा. धारदार कड गोंद पुढे लोटून देते, मग सांधा आत उपाशी राहतो. गोंद न लावता बसवून बघा. पाईप फिटिंगमध्ये एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश गेल्यावर अडला पाहिजे. सैल पडत असेल तर फिटिंग बदला, गोंद भोक भरून काढत नाही.

दोन्ही टोकं भिंतीत पक्की असताना मधला तुकडा बसणार कसा, इथे बरेच जण अडतात. एक उपाय म्हणजे एका बाजूचा पाईप १५-२० सेंटिमीटर मोकळा करून किंचित वाकवणं. तेवढी जागा नसेल तर आतून सरकणारा स्लिप कपलर किंवा युनियन (आट्यांनी उघडता येणारा जोड) वापरा. युनियनला रबर असतं, त्यामुळे तो शक्यतो भिंतीत गाडू नका.

जोडताना पाईप हाडासारखा कोरडा हवा. टिपूस येत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. ओल्या सांध्याला वरून कितीही गोंद फासला तरी तो सुटणार. पाईपवर भरपूर, फिटिंगच्या आत पातळ थर लावा, लगेच पाव फेरा फिरवत तळापर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. सोडलात तर पाईप मागे सरकतो. कडेने गोंदाचं सलग कडं दिसलं पाहिजे. जिथे ते तुटलेलं तिथे गळणार. वाळण्याचा वेळ डब्यावर लिहिलेला असतो, हवा थंड असेल तर तो बराच वाढतो. घाई नसेल तर रात्रभर थांबा.

लोखंडी पाईप गंजून एका जागी छिद्र पडलं असेल तर रबर आणि क्लॅम्प किंवा एपॉक्सी पुट्टीने दोन-चार दिवस निघतील, तेवढ्यात नवी लाईन टाकायची तयारी करा. आतून गंजलेला पाईप एका छिद्रावर थांबत नाही.

पाणी सोडून भोक २४ तास उघडंच ठेवा. सांध्याभोवती टिश्यू बांधा. कोरडा राहिला तर मोजपट्टी शेजारी धरून पाईपचा फोटो काढा, पुढे कुणी त्या भिंतीत ड्रिल घालण्याआधी तो लागेल. एल्बो हलू नये म्हणून आधी सिमेंटचा घट्ट माल मारून पक्का करा, मग एकास चार सिमेंट-वाळूने खड्डा भरा. खड्डा मोठा असेल तर जाळी घाला. लोखंडी पाईपभोवती पीओपी भरू नका, ते ओल धरून ठेवतं आणि गंज वाढवतं.

फरशी आणि ट्रॅपची फट

नुसतं पांढरं सिमेंट सांध्यांवर घासणं म्हणजे काही आठवड्यांची शांतता. जुनं ग्राउट टाईलच्या जाडीच्या किमान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत कोरा, धूळ ओढून घ्या आणि दोन दिवस बाथरूम कोरडं ठेवा. मग एपॉक्सी ग्राउट भरा. एका वेळी थोडंच कालवा, अर्ध्या-पाऊण तासात ते घट्ट होऊ लागतं. टाईलवरचा थर लगेच ओल्या स्पंजाने पुसा, वाळल्यावर तो निघत नाही. २४ तास पाणी नको.

ट्रॅपच्या कडेने फट असेल तर भोवतालची पाच सेंटिमीटर पट्टी खोदून काढा. ट्रॅपची बाहेरची बाजू सँडपेपरने खरखरीत करा, गुळगुळीत प्लास्टिकला सिमेंट धरत नाही. वॉटरप्रूफिंग पॉलिमर मिसळलेला एकास तीनचा माल ठासून भरा. तो वाळल्यावर दोन घटकांच्या वॉटरप्रूफ लेपाचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. मग टाईल, मग पुन्हा २४ तास पाणी साठवण्याची परीक्षा.

भिंत वाळायला लागणारा वेळ

गळती थांबल्यावर डाग लगेच जात नाही, आणि घाबरून माणसं चांगलं काम पुन्हा फोडतात. भिंतीच्या दर इंचाला साधारण एक महिना, असा ढोबळ हिशोब धरा. नऊ इंची विटेची भिंत आतपर्यंत वाळायला बरेच महिने घेते. पेन्सिलची रेघ आता उपयोगी पडते: ओल तिच्या आत सरकतेय का एवढंच बघा. आत सरकत असेल तर थांबा. रेघ ओलांडली तर दुसरी गळती आहे.

वाळताना लोणा वर येईल. तो कोरड्या ब्रशने झाडा आणि केर उचला, पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत भिंतीत जातो. फुगलेला, ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा ओल्या भागापासून ३० सेंटिमीटर बाहेरपर्यंत काढून टाका, भिंत लवकर श्वास घेते. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट आधीच मारला तर आतलं पाणी कोंडतं आणि महिन्याभरात पोपडे येतात. रंगाच्या आधी फॉइलची परीक्षा पुन्हा घ्या. ४८ तासांनी भिंतीकडची बाजू कोरडी निघाली की मग प्रायमर लावा.